अमेरिकी प्रकल्पाची स्टील शॉप ड्रॉइंग: पीईचा सील नेमका कशावर हवा?

कोथरूड_डिटेलर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या एका फॅब्रिकेटरसाठी (स्टीलचे भाग बनवणाऱ्या कंपनीसाठी) पुण्यातून डिटेलिंग, म्हणजे भाग बनवायची शॉप ड्रॉइंग काढायचं काम, चालू आहे. चार मजली ऑफिस इमारत, साधारण ६२० टन, ब्रेस्ड फ्रेम (तिरकस ब्रेसने आडवं बल पेलणारा सांगाडा), आर = ३ (म्हणजे भूकंपासाठीचं खास डिटेलिंग नाही). कनेक्शन डिझाइन फॅब्रिकेटरकडे दिलेलं आहे आणि त्याने त्यासाठी पीई (प्रोफेशनल इंजिनियर, राज्याचा परवाना असलेला) नेमला आहे. ई-शीट (उभारणीची ड्रॉइंग) ३४, असेंब्ली शीट (जोडून तयार होणाऱ्या पीसची) नऊशेच्या घरात, सिंगल पार्ट (सुट्या भागांची) त्याहून बरेच जास्त.

स्पेसिफिकेशनमध्ये एकच ओळ आहे: सर्व शॉप ड्रॉइंग प्रकल्पाच्या राज्यातल्या परवानाधारक पीईने तपासून सील करावीत. पीई म्हणतो, "कनेक्शनची गणितं सील करून देतो, शॉप ड्रॉइंगवर सील मारणार नाही." मूळ इमारतीचा डिझायनर, म्हणजे ईओआर (इंजिनियर ऑफ रेकॉर्ड), त्या ओळीवर बोट ठेवून बसला आहे. मधल्या मध्ये सबमिटल (मंजुरीला पाठवायचा ड्रॉइंगचा संच) अडकलं आहे.

बरोबर कोण? शॉप ड्रॉइंग तपासताना पीईने काय बघणं अपेक्षित आहे आणि काय नाही? आणि आम्ही डिटेलिंगवाल्यांनी त्याच्यापुढे काय ठेवलं म्हणजे त्याला सही करणं सोपं जाईल?

ह्यूस्टन_पीई

तुमचा पीई बरोबर आहे, पण त्याने नुसतं "नाही" म्हणून थांबू नये. त्याच्याकडे द्यायला एक तिसरी गोष्ट आहे.

एआयएससी (अमेरिकेतली स्टील बांधकामाची संस्था) ३०३, म्हणजे कोड ऑफ स्टँडर्ड प्रॅक्टिस, काढून बघा. कनेक्शनच्या बाबतीत त्यात तीन पर्याय आहेत. पहिल्यात कनेक्शन पूर्ण डिझाइन होऊनच ईओआरच्या ड्रॉइंगवर येतं. दुसऱ्यात ईओआर तक्ते आणि तपशील देतो, अनुभवी डिटेलर त्यातून निवडतो किंवा ते पूर्ण करतो. तिसऱ्यात फॅब्रिकेटरचा परवानाधारक इंजिनियर डिझाइन करतो. तुमचं काम तिसऱ्या पर्यायाचं आहे. या पर्यायात कोड दोन गोष्टी मागतो: एक, कनेक्शन डिझाइनची आधारभूत माहिती, आणि दोन, अप्रूव्हलला पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये ते डिझाइन नीट उतरलं आहे, असं त्या इंजिनियरने पडताळून दिलेलं लेखी पत्र. प्रत्येक शॉप ड्रॉइंगवर सील कोड मागत नाही. शिवाय कोड स्पष्ट सांगतो की या पडताळणीमुळे ईओआरच्या अप्रूव्हलची गरज संपत नाही. त्याने ड्रॉइंग बघायचीच आहेत.

असेंब्ली शीटवर सील मारायला पीई का कचरतो तेही समजून घ्या. त्या शीटवर काय असतं? कापायची लांबी, भोकांची अंतरं, कोपची (बीमच्या टोकाला काढलेल्या खाचेची) मापं, पीस मार्क, रंगकामाच्या सूचना. मापांची अचूकता आणि साइटवर पीस जुळणं ही कोडप्रमाणे फॅब्रिकेटरची जबाबदारी आहे, ईओआरने अप्रूव्ह केल्यानंतरसुद्धा. पीईने त्या शीटवर सील मारला की, इंचाच्या सोळाव्या भागाने चुकलेल्या भोकाचं उत्तर उद्या त्याच्याकडे मागितलं जाईल. ते माप त्याने ठरवलेलंच नसतं.

याहून गंभीर भाग कायद्याचा आहे. राज्यांच्या परवाना कायद्यांत सील म्हणजे "हे काम मी किंवा माझ्या थेट देखरेखीखाली झालं" असं विधान असतं. तिकडे याला रिस्पॉन्सिबल चार्ज म्हणतात. पुण्यात तयार झालेली नऊशे शीट शेवटच्या आठवड्यात पीईकडे जातात आणि तो चाळून शिक्का मारतो, तेव्हा ते प्लॅन स्टँपिंग होतं. त्यावरून परवाना जाऊ शकतो. काम भारतात होणं यात काहीही वावगं नाही. पीई सुरुवातीपासून निर्णयांमध्ये असायला हवा, एवढंच: कनेक्शनचा प्रकार त्याने ठरवलेला, इनपुट त्याने बघितलेलं, बदल त्याला विचारून झालेले.

परवाना त्या राज्याचाच हवा हे तुम्हाला माहीत असेल. टेक्सासचा सील ओहायोत चालत नाही. इलिनॉयमध्ये स्ट्रक्चरल कामाला वेगळा एसई (स्ट्रक्चरल इंजिनियर) परवाना लागतो, तिथे नुसता पीई पुरत नाही. बऱ्याच राज्यांत व्यक्तीबरोबर फर्मचीही नोंदणी लागते. काम घेतानाच फॅब्रिकेटरला हे विचारा.

गसेट_प्लेट

वरच्या उत्तराशी सहमत. तपासणीत काय बघायचं त्यावर लिहितो, कारण ते लेखी पत्र देण्याआधी पीईने खरोखर बघितलेलं असलं पाहिजे.

पीईने ड्रॉइंगचं सगळं बघायचं नसतं, पण ज्या गृहीतांवर त्याचं गणित उभं आहे ती ड्रॉइंगमध्ये टिकली आहेत का, हे मात्र शेवटच्या पीसपर्यंत बघावं लागतं. एक उदाहरण पूर्ण उघडून दाखवतो.

डब्ल्यू १८×३५ बीम, टोकाची रिअ‍ॅक्शन ४२ किप (१ किप = १००० पौंड; एलआरएफडी, म्हणजे वाढवून धरलेल्या भारांच्या पद्धतीने). गणितात शिअर टॅब (आधाराला वेल्ड आणि बीमच्या वेबला बोल्ट केलेली एक प्लेट): ३/८ इंच प्लेट, ११½ इंच उंच, ३/४ इंचाचे ४ बोल्ट, ए३२५-एन (बोल्टचे आटे कापाच्या प्रतलात येतात असं धरलेले). एका बोल्टची शिअर ताकद १७.९ किप, म्हणजे विकेंद्रता बाजूला ठेवून नुसत्या बोल्टची बेरीज ७१.६. भरपूर. आता ड्रॉइंगमध्ये काय काय होऊ शकतं ते बघा.

जनरल नोट्समध्ये एखाद्या बे-साठी स्लिप-क्रिटिकल (बोल्ट घट्ट आवळून घर्षणाने सांधा घसरू न देणारी जोडणी) मागितलेलं असतं, आणि बोल्ट लिस्टमध्ये सगळीकडे "एन" पडतं. क्लास ए पृष्ठभाग, स्टँडर्ड भोक धरलं तर त्याच बोल्टची स्लिप ताकद ९.४९ किप. चार बोल्टची ३८. म्हणजे ४२ ला कमी! प्लेट तीच, बोल्ट तेवढेच, ड्रॉइंग दिसायला अगदी गणितासारखं, आणि कनेक्शन नापास.

आता वेल्ड. पारंपरिक शिअर टॅबला दोन्ही बाजूंनी प्लेटच्या जाडीच्या ५/८ एवढा फिलेट (कोपऱ्यातला त्रिकोणी वेल्ड) लागतो. ३/८ प्लेटला ०.२३४ इंच, म्हणजे १/४ चा वेल्ड. डिटेलरने ३/१६ दाखवला तर? हिशेब करा: ११½ इंच, दोन बाजू, दर सोळाव्या भागाला १.३९२ किप प्रति इंच. ९६ किप येतात, मागणी ४२. ताकदीला दुपटीहून जास्त, तरीही वेल्ड चूक. तो ५/८ चा नियम रिअ‍ॅक्शनसाठी नाहीच. बीमचं टोक वळलं की आधी प्लेट यील्ड व्हावी (न तुटता कायमची वाकावी), वेल्ड फाटू नये, यासाठी तो आहे. गणिताचं कागद नुसतं "रेशो ०.४४, ओके" म्हणून बघणाऱ्याला ही चूक कधीच सापडणार नाही.

आणि तिसरी, जी सगळ्यात जास्त निसटते. हाच बीम कॉलमच्या वेबला (आय-आकारातल्या मधल्या पत्र्याला) जोडायचा आहे. फ्लँजच्या (दोन्ही कडांच्या पट्ट्यांच्या) आत पाना जात नाही म्हणून डिटेलर टॅब फ्लँजच्या बाहेर काढतो. वेल्डपासून बोल्ट रांगेचं अंतर ३ इंचांवरून ८-९ इंचांवर जातं. साडेतीन इंचांच्या पुढे तो पारंपरिक टॅब राहत नाही, एक्स्टेंडेड होतो: बोल्ट गटावर विकेंद्रतेचा मोमेंट, प्लेटची जाडी, प्लेटचं बकलिंग, सगळं नव्याने करावं लागतं. डिटेलरने केलेला बदल बांधणीच्या दृष्टीने योग्यच असतो, त्याला दोष नाही. पण तो पीईपर्यंत पोचलाच पाहिजे.

ब्रेस्ड फ्रेममध्ये याशिवाय:

ब्रेसिंगच्या बे-मधल्या बीमला शिअरबरोबर अक्षीय बल असतं, ट्रान्सफर फोर्स. तक्त्यातून फक्त शिअर बघून कनेक्शन उचललं की ते बल हवेत राहतं. माझ्या मते तपासणीची सुरुवातच इथून करावी.

गसेट (ब्रेस जोडायची प्लेट) लहान करायला वर्क पॉइंट (बीम, कॉलम, ब्रेसच्या मध्यरेषा मिळतात तो बिंदू) सरकवला असेल तर कॉलममध्ये मोमेंट येतो. तो ईओआरने धरलेला नसतो, आणि तो बदल पीईलाही एकट्याने मान्य करता येत नाही.

१ इंच आणि त्यावरच्या बोल्टला एआयएससी ३६०-१६ पासून स्टँडर्ड भोक १/८ इंचाने मोठं आहे, म्हणजे १ इंचाला १ १/८. टेम्प्लेट जुनं असेल तर १ १/१६ पडतं. गणित एका भोकाचं, ड्रॉइंग दुसऱ्याचं असं होऊन नेट सेक्शन (भोकं वजा जाता उरलेला छेद) जुळत नाही.

कॉलम वेबच्या दोन्ही बाजूंना बीम येऊन तेच बोल्ट सामायिक असतील, तर ओशाच्या (अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा खात्याच्या) नियम १९२६.७५६ प्रमाणे पहिला बीम सुटणार नाही अशी सोय लागते: एक जादा बोल्ट किंवा सीट. हे उभारणीच्या सुरक्षेचं आहे, गणिताच्या कागदावर कुठेच दिसत नाही.

ठाणे_स्ट्रक्चरल

मला वाटतं इथे सीलचा जरा जास्तच बाऊ होतोय. ईओआर बघतो, फॅब्रिकेटरचा चेकर बघतो, डिटेलिंग ऑफिसचा चेकर बघतो. चौथ्याचा शिक्का ही औपचारिकताच ना? मागितला आहे तर मारून मोकळं व्हावं.

गसेट_प्लेट

ठाणेकर, तिघं बघतात म्हणूनच धोका आहे. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं.

कॅन्सस सिटीचं हयात रीजन्सी हॉटेल, १७ जुलै १९८१. लॉबीतले टांगते पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलातून थेट दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत एकच अखंड रॉड होता. तसा रॉड असता तर चौथ्या मजल्याच्या नटवर फक्त त्या पुलाचं वजन आलं असतं. अखंड रॉडला इतक्या लांबीवर आटे पाडणं गैरसोयीचं, म्हणून शॉप ड्रॉइंगमध्ये त्याचे दोन झाले: छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत एक, आणि चौथ्या मजल्याच्या बीमपासून खाली दुसरा, शेजारच्या भोकातून. रॉडमधलं बल फारसं बदललं नाही. पण चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटवर आता दोन्ही पुलांचं वजन आलं. दुप्पट. बीम म्हणजे दोन चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेला बॉक्स, आणि भोक नेमकं त्या वेल्डमधून. नट बीम फाडून आरपार गेला.

ती शॉप ड्रॉइंग डिझाइन इंजिनियरच्या ऑफिसात गेली होती आणि शिक्का मारून परत आली होती. कनेक्शनचं गणित कुणीच केलेलं नव्हतं. फॅब्रिकेटरची बाजू अशी की डिझाइन इंजिनियरचं, इंजिनियरची बाजू अशी की कनेक्शन फॅब्रिकेटरने बघायचं. चौकशीत तर असं निघालं की मूळ एक-रॉडवालं कनेक्शनसुद्धा शहराच्या कोडने मागितलेल्या ताकदीच्या जेमतेम ६० टक्के भरत होतं. मिझुरी राज्याने इंजिनियरांचे परवाने रद्द केले.

मॉडेलमध्ये "एकाचे दोन रॉड" हा पाच मिनिटांचा बदल आहे. म्हणून पत्र देणाऱ्याने आधी बदलांची यादी मागावी आणि शिक्क्याचं नंतर बोलावं.

ठाणे_स्ट्रक्चरल

पटलं. बदलांची यादी हा मुद्दा घेतो.

भोसरी_फॅब

फॅब्रिकेशनच्या बाजूने काही गोष्टी, कारण सबमिटल अडकलं की शॉपमध्ये लेथ आणि ड्रिल लाइन रिकामी बसते आणि सगळ्यांना घाई सुटते.

एक: सील असलेली आणि नसलेली कामं एकाच सबमिटलमध्ये मिसळू नका. जिने आणि रेलिंग बहुतेक वेळा पूर्णपणे सोपवलेलं डिझाइन असतं. तिथे सदस्यांचे आकारही फॅब्रिकेटरचा पीईच ठरवतो, त्यामुळे त्या ड्रॉइंगवर त्याचा सील रास्त आहे. जिन्याला १०० पौंड प्रति चौरस फूट, गार्डला वरच्या रेलवर २०० पौंड एकवटलेलं किंवा ५० पौंड प्रति फूट, दोन्ही एकाच वेळी नाही. हे पॅकेज वेगळं, मुख्य फ्रेमचं वेगळं. जॉइस्टही वेगळे, ते जॉइस्ट उत्पादकाकडून येतात.

दोन: सीलचं चित्र टेक्लाच्या (डिटेलिंगच्या सॉफ्टवेअरच्या) टायटल ब्लॉकमध्ये ठेवू नका. पीईने विश्वासाने पाठवलं तरी नको. टेम्प्लेटमध्ये गेलं की प्रत्येक नव्या रिव्हिजनवर ते आपोआप छापलं जातं, त्याने न बघितलेल्या शीटवरसुद्धा. सील त्याने स्वतः, तयार पीडीएफवर, डिजिटल सहीने लावायचा. नंतर फाइलमध्ये काहीही बदललं तर सही अवैध दिसते, आणि तेच हवं आहे.

तीन: रिव्हिजन. ईओआरच्या शेऱ्यांनी एखाद्या कनेक्शनचे बोल्ट बदलले, तर आधीचं पत्र त्या कनेक्शनपुरतं संपलं. कोणत्या शीटची कोणती रिव्हिजन पत्रात धरली आहे याचा तक्ता पत्राला जोडा. "सर्व ड्रॉइंग" असं मोघम लिहिलेलं पत्र कुणाच्याच उपयोगाचं नाही.

नागपूर_साइट

बाहेरचा प्रश्न विचारतो, चालेल ना? आपल्याकडे फॅब्रिकेशन ड्रॉइंगवर असा सील का नसतो?

ह्यूस्टन_पीई

चालेल की. भारतात अमेरिकेसारखा राज्यवार पीई कायदा नाही. महापालिका आपापल्या हद्दीत स्ट्रक्चरल इंजिनियरची नोंदणी करते आणि बांधकाम परवानगीला त्याचं प्रमाणपत्र लागतं. फॅब्रिकेशन ड्रॉइंग सल्लागार "अप्रूव्ह्ड फॉर फॅब्रिकेशन" म्हणून परत करतो आणि सरकारी कामात डिझाइनची प्रूफ चेकिंग अनेकदा व्हीजेटीआय किंवा सीओईपीसारख्या संस्थेकडे जाते. कनेक्शन नेमकं कुणाचं, हे मात्र इथेही करारात लिहून ठेवावं. ते बऱ्याचदा लिहिलेलं नसतं.

दोन्हीकडचं काम करणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. किमान फिलेट वेल्ड आयएस ८०० मध्ये जाड भागावरून ठरतो: १० ते २० मिमीला ५ मिमी. एआयएससीत तो पातळ भागावरून ठरतो: १/४ च्या वर १/२ इंचापर्यंत ३/१६. सवयीने एकीकडचा तक्ता दुसरीकडे लावू नका.

कोथरूड_डिटेलर

सगळ्यांचे आभार, खूपच स्पष्ट झालं. मग आता ईओआरला आरएफआय (खुलासा मागणारं औपचारिक पत्र) पाठवायचा तर तो कसा लिहावा? आणि पीईसाठी आमच्याकडून नेमकं काय जावं?

ह्यूस्टन_पीई

आरएफआय तुम्ही नाही, फॅब्रिकेटर पाठवेल, पण मसुदा तुम्ही द्या. वाद घालायचा सूर नको, प्रस्ताव ठेवा. स्पेसिफिकेशनची ती ओळ उद्धृत करा, कनेक्शन तिसऱ्या पर्यायाखाली सोपवलेली आहेत हे ईओआरच्याच ड्रॉइंगचा क्रमांक देऊन दाखवा. मग लिहा की फॅब्रिकेटर पुढच्या गोष्टी देईल: सील केलेलं कनेक्शन गणित, सील केलेली ठरावीक कनेक्शन तपशिलांची शीट, आणि ड्रॉइंगमध्ये डिझाइन बरोबर उतरल्याचं, शीट आणि रिव्हिजनचा तक्ता जोडलेलं, सही-सीलचं पत्र. असेंब्ली आणि सिंगल पार्ट शीटवर सील नसेल. ही पद्धत स्पेसिफिकेशनची पूर्तता मानावी, अशी विनंती करा. बहुतेक ईओआर हे मान्य करतात, कारण त्यांना हवी असते ती गणिताची जबाबदारी, आणि ती यात मिळते.

पाठवण्याआधी त्या राज्याच्या परवाना मंडळाचे नियम पीईला बघायला सांगा. फ्लोरिडा आणि न्यू यॉर्कमध्ये सोपवलेल्या डिझाइनबद्दल वेगळे नियम आहेत, आणि तिथे सोपवलेल्या अभियांत्रिकी कागदपत्रांना सील लागतोच. उत्तर "तरीही सगळ्यावर सील हवा" असं आलं, तर पीईने प्रत्येक सीलखाली व्याप्ती लिहावी: फक्त कनेक्शनची ताकद; मापं, जुळणी, नगांची संख्या आणि उभारणीची पद्धत यात नाही. आणि तो जादा वेळ फॅब्रिकेटरने किमतीत मागावा.

वेळेचंही बघा. एआयएससी ३०३ प्रमाणे अप्रूव्हलची ड्रॉइंग १४ कॅलेंडर दिवसांत परत यायला हवीत, पण ती मुदत सगळी कागदपत्रं जोडलेल्या सबमिटललाच लागू धरा. पीईचं पत्र नसलेलं सबमिटल ईओआर अपूर्ण म्हणून परत करू शकतो.

गसेट_प्लेट

पीईकडे काय पाठवायचं त्यात माझी भर. मॉडेलमधून एक तक्ता काढा: प्रत्येक बीमच्या टोकाला कनेक्शनचा क्रमांक, रिअ‍ॅक्शन, अक्षीय बल असेल तर तेही, बोल्टची संख्या आणि प्रकार, प्लेट, वेल्ड, आणि वेल्डपासून बोल्ट रांगेचं अंतर. शेवटचा रकाना बहुतेक ऑफिसं ठेवत नाहीत, पण एक्स्टेंडेड झालेले सगळे टॅब त्याच्यातच सापडतात. तो उतरत्या क्रमाने लावा, साडेतीनच्या वरचे आपोआप वर येतील.

दुसरी यादी: गणितातल्या तपशिलापासून वेगळं जे जे काढलं ते सगळं, कारणासह. पाना जात नाही, कोप खोल झाला, शेजारचा ब्रेस आडवा आला. "काही बदल नाही" असं ६२० टनांच्या कामात कुणी लिहून पाठवलं तर पीईने ते परत पाठवावं.

आणि ही दोन्ही पहिल्या सिक्वेन्सबरोबरच (उभारणीच्या पहिल्या टप्प्याबरोबरच) द्या. पूर्ण मॉडेल होईपर्यंत थांबलात तर एकाच चुकीचे दोनशे पीस निघालेले असतील.

कोथरूड_डिटेलर

अंतराचा रकाना आज लावून बघितला. दुसऱ्या मजल्यावर कॉलम वेबला येणारे ११ बीम साडेतीनच्या वर आहेत, गणितात सगळे पारंपरिक. पीईला आत्ताच पाठवतोय, आरएफआयचा मसुदा उद्या इथे टाकतो.

गसेट_प्लेट

त्या ११ मध्ये वेबच्या पलीकडूनही बीम येतोय का ते बघून पाठवा. दोन्ही बाजूंना सारखी रिअ‍ॅक्शन असेल तर वेबवरचा मोमेंट बराचसा एकमेकांत जिरतो. एकाच बाजूला असेल तर कॉलमची वेब वाकण्यासाठी तपासावी लागेल, आणि स्टिफनर लागला तर तो कुणाच्या किमतीत, हा प्रश्न ईओआरच्या ड्रॉइंगवर कॉलमच्या मजबुतीकरणाबद्दल काय दाखवलं आहे त्यावर ठरेल.